लेन्स जोडलेली नाही

कॅमेरा म्हणतो, लेन्स जोडलेली नाही.
ओड्नीने तर आत्ताच जोडलीय.
मध्ये अ‍ॅल्युमिनियमची दीडशे क्रोनरची कडी,
काही आटे, शेवटी बारीकशी कुरकुर,
आणि पक्की.
तरी पडद्यावर तेच.

मेनूच्या पोटात, सातव्या पानावर
एक परवानगी दडलेली असते:
लेन्स नसतानाही फोटो काढू द्यावा का?
ती हो म्हणते.
मग कॅमेरा निमूट बघू लागतो
जे नाहीच त्याच्यातून.

ओड्नी सोळाची. गेल्या मोसमात
वार्डोच्या धक्क्यावर, शाळा सुटल्यावर,
कॉडची डोकी खिळ्यात रोवून जिभा कापत राहिली,
एका फटक्यात एक.
त्यातून कॅमेरा आला, नुसतं धड.
लेन्सपुरत्या जिभा काही निघाल्या नाहीत.

ही आयलेर्टने दिली. तो क्रेनवर होता तेव्हा
एका जपानी बोटीवरच्या स्वयंपाक्याकडून
दोन लोकरी स्वेटरांच्या बदल्यात घेतलेली.
काच मात्र चहासारखी पिवळी.
हिच्यात थोरियम आहे, तो म्हणाला,
अंधारात ठेवली की अशी होते.
मी तीस वर्षं खणात ठेवली.
उन्हात ठेव, उतरेल.

नोव्हेंबरची चोवीस तारीख होती.
ऊन जानेवारीत येणार होतं.

मग तो सगळा काळोख तिने चहातून काढला.
हळदीच्या दुधासारखा बर्फ,
जाळी शिवणाऱ्या हाल्डिसचे सोनेरी नखं-बोटं,
पेट्रोल पंपावरचा एकटा दिवा, जणू कुणाच्या घरातला.
कॅमेरा आपणहून पांढऱ्याला पांढरं करू बघायचा.
तिने ते बंद केलं.

नव्या लेन्स म्हणे स्वतःच डोळा हुडकतात,
पापणीवर अलगद चौकोन ठेवतात.
ही हुडकत नाही. हिला न्यावं लागतं,
मनगट धरून म्हाताऱ्याला रस्ता ओलांडवावा तसं:
थोडं पुढे, फार झालं, थोडं मागे,
हां, इथे.
तोवर कुत्रं फ्रेमबाहेर.

उणे बाराला आतलं ग्रीस घट्ट व्हायचं, रिंग फिरेना.
मग ती लेन्स काखेत घेऊन चालायची,
अंडं उबवत असल्यासारखी.
शाळेतली मुलं हसायची. हसू देत.
अंतराच्या खुणांच्या टोकाला
एक आठ आडवा निजलेला होता.
समुद्रापुढे ती अंगठ्याने त्याच्यापर्यंत जायची
आणि तिथून पुढे जाता येत नसे.

बेटावर पहिलं ऊन आलं ते बारा मिनिटांचं.
तिने खिडकीत चांदीचा कागद अंथरला,
त्यावर लेन्स, तोंड वर करून.
आई म्हणाली, लोणचं मुरतंय का?
उलटं, ओड्नी म्हणाली.
मार्चपर्यंत चहा पातळ होत होत
पाणी झाला.

मार्चमध्येच किर्केनेसला
आयलेर्टच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
परतल्यावर तो धक्क्यावर नुसता उभा.
एक डोळा झाकला. मग दुसरा.
ह्याने बर्फ निळा, म्हणाला,
आणि ह्याने तुझ्या नोव्हेंबरसारखा.
मग बराच वेळ काहीच नाही. मग:
तुझ्याकडे नव्या धडावर जुनी,
माझ्याकडे जुन्या धडात नवी.
स्वेटर मात्र दोन्हीकडे माझेच गेले.

तिने कॅमेरा उचलला. जवळ. आणखी जवळ.
रिंग शेवटाला टेकली, अडली.
मग तीच पुढेमागे डुलत राहिली, श्वास धरून,
त्याच्या बुबुळात क्रेन, धक्का
आणि लाल टोपीतली ती स्वतः
स्पष्ट होईपर्यंत.

घरी फाईल उघडली. तारीख, वेळ, सगळं नीट.
फोकल लेंग्थ: शून्य.
अ‍ॅपर्चर: शून्य.
लेन्सच्या नावाजागी दोन आडव्या रेघा.

तिने वहीत पेन्सिलीने लिहिलं:
आयलेर्ट, डावा डोळा. दोन पूर्णांक आठ,
बहुतेक.